सुरीची मूठ आणि देवमाशाचा दात : एका संग्राह्य वस्तूच्या वंशावळीची चिकित्सा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हाताने घडविलेल्या सुऱ्यांचा संग्रह करणारा एक मोठा वर्ग आहे, आणि त्या वर्गाकरिता सुऱ्या घडविणाऱ्या कारागिरांचा एक स्वतंत्र व्यवसाय गेल्या अर्धशतकात उभा राहिला आहे. या सुऱ्यांपैकी विशेष मौल्यवान समजल्या जाणाऱ्या नमुन्यांत तीन कला एकत्र आलेल्या दिसतात. पाते थरावर थर देऊन घडविलेल्या पोलादाचे असून त्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटलेली असते. पाते व मूठ यांच्या सांध्यावरील धातूच्या पट्टीवर कोरणीने वेलबुट्टी अथवा पशुपक्षी कोरलेले असतात. आणि मुठीच्या हस्तिदंती पृष्ठभागावर बारीक रेषा व ठिपके खोदून, त्यांत शाई भरून, एखादे शिडाचे जहाज किंवा गरुड रेखाटलेला असतो. या शेवटच्या कलेला स्क्रिमशॉ असे नाव आहे. अशा सुरीची ओळख करून देताना न्यू इंग्लंडमधील देवमासे मारणाऱ्या खलाशांच्या परंपरेचा उल्लेख बहुधा होतो, आणि तिच्या पात्याच्या पोलादाला दमास्कसचे नाव दिले जाते.

ही दोन्ही नावे जुनी आणि प्रतिष्ठित आहेत. परंतु नाव जुने असले म्हणजे ते धारण करणारी वस्तू जुन्या वंशातलीच असते असे नाही. एरवी हा प्रश्न संग्राहकांच्या हौसेपुरता सोडून देता आला असता. तथापि १९७२ नंतरच्या कायद्यांनी या वस्तूंची खरेदीविक्री मुठीच्या द्रव्याच्या वयावर अवलंबून ठेवली आहे. त्यामुळे मुठीचा इतिहास खरा की रचलेला, हा प्रश्न न्यायालयात आणि जकातनाक्यावरही विचारला जाऊ लागला आहे.

प्रथम खलाशांचा विचार करू. मॅसॅच्युसेट्समधील नँटकेट बेट आणि न्यू बेडफर्ड ही बंदरे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देवमाशांच्या शिकारीची प्रमुख केंद्रे होती. स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल दिव्यांसाठी व यंत्रांसाठी हवे असे, आणि त्याच्या शोधात जहाजे तीन-तीन, चार-चार वर्षे प्रशांत महासागरात फिरत. शिकार प्रत्यक्ष चाले ते दिवस थोडे. रिकामे दिवस फार. या देवमाशाच्या खालच्या जबड्यात साधारण चाळीस ते पन्नास दात असतात. हे दात पूर्वी खलाशांच्या हाती सहसा लागत नसत, याचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. फिजी व इतर बेटांवर देवमाशाच्या दाताला विवाहात, तहात आणि शोकप्रसंगी अर्पण करण्याची वस्तू म्हणून मोठा मान होता, आणि चंदनाच्या व्यापारात असे दात चलनासारखे उपयोगी पडत. अमेरिकन आरमारातील कॅप्टन डेव्हिड पोर्टर याचे प्रवासवृत्त १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात बेटांवरील या मोलाची माहिती आली. त्यानंतर व्यापाऱ्यांनी इतके दात त्या समुद्रात ओतले की त्यांचे मोल उतरले. दाताचे बाजारमूल्य ओसरल्यावरच तो सामान्य खलाशाच्या फुरसतीचे साधन बनला. म्हणजे ज्या कलेला पुढे शुद्ध लोककला म्हणून गौरविण्यात आले, तिचा आरंभही बाजारभावाच्या चढउताराशी निगडित होता.

या कलेची रीत साधी होती. दाताचा खडबडीत पृष्ठभाग चाकूने खरवडावयाचा, शार्क माशाच्या कातड्याने घासावयाचा, राखेने अगर प्युमिस दगडाच्या भुकटीने त्यास झिलई द्यावयाची. नंतर शिडे शिवण्याच्या सुईने किंवा चाकूच्या टोकाने रेषा खोदून त्यांत काजळी चोळावयाची. जहाजावर तेल कढविण्याची भट्टी असल्याने काजळीला तोटा नसे. चित्रेही पुष्कळदा खलाशाच्या कल्पनेतून आलेली नसत. सचित्र मासिकातील पान दाताभोवती गुंडाळून चित्राच्या बाह्यरेषेवर टाचणीने भोके पाडावयाची आणि मग ते ठिपके रेषांनी जोडावयाचे, ही पद्धत रूढ होती. फॅशनच्या मासिकातील स्त्रिया, देशभक्त वीर, युद्धनौका यांची चित्रे अशा रीतीने दातांवर उतरली. देवमाशाच्या शिकारीची चित्रे तेवढी स्वानुभवाची, आणि त्यांत दोरखंड व शिडे यांची जागा सहसा चुकलेली नसते.

या कलेतील बहुतेक कारागीर अनामिक आहेत. नँटकेटचा एडवर्ड बर्डेट हा नावानिशी ज्ञात असलेल्या अगदी आरंभीच्या कारागिरांपैकी एक. १८०५ मध्ये जन्मलेला हा खलाशी १८३३ मध्ये हार्पूनच्या दोरात अडकून समुद्रात ओढला गेला व मरण पावला. त्याच्याच बेटावरील फ्रेडरिक मिरिक याने 'सुसान' या जहाजावर १८२८ व १८२९ या वर्षांत कोरलेले दात विशेष प्रसिद्ध आहेत, कारण त्यांतील अनेकांवर त्याने आपले नाव, जहाजाचे नाव आणि दिनांक घातला आहे. असे तीसाहून अधिक दात आज ज्ञात आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांचे मोल त्यांतील सौंदर्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या दिनांकात आहे. कारण बाकीच्या शेकडो दातांचा काळ या थोड्या दिनांकित नमुन्यांवरून ताडून पाहावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. या खलाशांनी दातापासून आणि जबड्याच्या हाडापासून काय काय केले, याची यादी संग्रहालयांतून सहज करता येते. पिठाच्या पोळीची कड कापण्याची नक्षीदार चाके, सूत गुंडाळण्याचे घडीचे रहाट, हातातील काठ्या, दाभणे, आणि स्त्रियांच्या कंचुकीत घालावयाच्या लांब पट्ट्या हे प्रकार विपुल आढळतात. ही बहुतेक घरच्या स्त्रियांसाठी नेलेली भेट होती. हत्यारांच्या व अवजारांच्या मुठीही हाडाच्या केलेल्या दिसतात, पण चित्रे कोरलेली शोभिवंत सुरी हा या कलेचा ठरावीक विषय नव्हता. सुरीचे तेथील स्थान निराळेच होते. हर्मन मेलव्हिल स्वतः अशा जहाजावर राबलेला होता. त्याच्या १८५१ मधील 'मोबी-डिक' या कादंबरीत स्क्रिमशॉचे वर्णन आहे. काही थोड्यांजवळ दंतवैद्याच्या पेटीसारखी हत्यारे असली तरी बहुतेक खलाशी आपल्या खिशातल्या चाकूनेच सारे काम करीत, असे तो सांगतो. ज्या परंपरेचा वारसा सुरीची मूठ आज सांगते, त्या परंपरेत सुरी हे कोरण्याचे साधन होते, कोरण्याची वस्तू क्वचितच.

१८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि देवमाशाच्या तेलाची मागणी घसरू लागली. १८७१ च्या शरद ऋतूत आर्क्टिक समुद्रात तीसाहून अधिक जहाजे बर्फात सापडून सोडून द्यावी लागली. पुढे धंदा कसाबसा चालला, आणि १९२४ मध्ये न्यू बेडफर्डहून निघालेले 'वाँडरर' हे जहाज कटीहंक बेटाच्या खडकांवर फुटले तेव्हा तो जवळजवळ संपलाच. त्याआधीच, १९०३ मध्ये, न्यू बेडफर्ड येथे स्थानिक इतिहाससंस्था स्थापन झाली होती. तिचेच पुढे देवमासे-शिकारीचे संग्रहालय झाले. धंदा विझत असताना त्याच्या अवशेषांचा संग्रह सुरू झाला, हे अनेक व्यवसायांच्या बाबतीत घडते. स्क्रिमशॉला राष्ट्रव्यापी कीर्ती मात्र मिळाली ती १९६० नंतर. मॅसॅच्युसेट्सचेच रहिवासी असलेले अध्यक्ष जॉन केनेडी यांना या दातांचा छंद होता आणि त्यांच्या कचेरीच्या मेजावर ते मांडलेले असत. त्या छायाचित्रांनी हजारोंना या कलेचे नाव प्रथमच ऐकविले.

शोभिवंत सुरीचा वंश याहून अगदी निराळ्या मुलखातला आहे. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतील एका वाळूच्या बेटावर, नॅचेझ गावाजवळ, झालेल्या मारामारीत जेम्स बोवी याने मोठ्या सुऱ्याने आपला बचाव केला, आणि वृत्तपत्रांनी त्या सुऱ्याला त्याचे नाव मिळवून दिले. तो १८३६ मध्ये आलामोच्या वेढ्यात मारला गेला, तेव्हापासून तर बोवी सुरा हे एक मिथकच झाले. १८३७ व १८३८ मध्ये अलाबामा आणि टेनेसी या राज्यांना कर लादून व विक्रीबंदी करून या सुऱ्याचा प्रसार आवरण्याचा यत्न करावा लागला. मजेची गोष्ट अशी की या अस्सल अमेरिकन समजल्या जाणाऱ्या हत्याराचे पुष्कळसे नमुने इंग्लंडमधील शेफील्डच्या कारखान्यांतून येत. पात्यांवर आम्लाने देशाभिमानाची घोषवाक्ये उमटवून शेफील्डचे व्यापारी ती अटलांटिकपार विकीत. मुठीसाठी सांबरशिंग, शिंपला व हस्तिदंत वापरीत. त्या हस्तिदंताच्या वाटेवर मुंबई बंदर होते. झांजिबारच्या किनाऱ्यावरचे हस्तिदंत कच्छी भाटिया व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईस येई. झांजिबारच्या जकातीचा मक्ताच दीर्घकाळ जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. मुंबईत मालाची प्रतवारी होऊन काही भाग चुड्यांसाठी देशात राही आणि उरलेला लंडनला रवाना होई. तेव्हा न्यू ऑर्लिन्समधील एखाद्या सुऱ्याची मूठ पूर्व आफ्रिका, मुंबई आणि शेफील्ड असा प्रवास करून आलेली असणे सर्वस्वी संभवनीय आहे. न्यू इंग्लंडच्या देवमाशाचा तिच्याशी संबंध नाही.

धातूवरील कोरीवकामाचा खरा पूर्वज शोधावयाचा तर सॅन फ्रान्सिस्कोकडे पाहावे लागते. सोन्याच्या शोधात १८४९ नंतर तेथे लोटलेल्या संपन्न आणि दिखाऊ समाजासाठी मायकेल प्राइससारख्या कारागिरांनी चांदीची मढवण, तीवर कोरणीने काढलेली वेलबुट्टी आणि वालरसच्या सुळ्याच्या मुठी असलेल्या सुऱ्या घडविल्या. आजच्या संग्राह्य सुरीशी त्यांचे साम्य सर्वांत अधिक आहे. परंतु विक्रेत्यांच्या वर्णनांत जुगारी व खाणमालक यांच्यापेक्षा खलाशाला अधिक मान मिळतो, यात नवल नाही.

विसाव्या शतकात यांत्रिक उत्पादनाने सुरी अगदी स्वस्त केली, आणि त्या स्वस्ताईच्या प्रतिक्रियेतून हातकाम पुन्हा वर आले. मिशिगनमधील विल्यम स्केगेल (१८७३–१९६३) हा एकाकी कारागीर या पुनरुज्जीवनाचा मूळ पुरुष मानला जातो. त्याची एक सुरी १९३७ च्या सुमारास वॉल्टर रँडल याच्या दृष्टीस पडली. कोणी गृहस्थ तिने नावेचा रंग खरवडीत होता, आणि तरीही तिची धार जात नव्हती. फ्लॉरिडातील संत्र्यांच्या मळ्यांचा मालक असलेल्या रँडलने त्यावरून स्वतः सुऱ्या घडविण्यास प्रारंभ केला. रँडलच्या सुरीसाठी फार थांबावे लागते असे कळल्यावर रॉबर्ट लव्हलेस (१९२९–२०१०) या तरुणाने १९५३–५४ च्या सुमारास जुन्या पॅकार्ड मोटारीच्या कमानपट्टीचे पोलाद जहाजाच्या मुदपाकखान्यातील चुलीत तापवून आपले पहिले पाते घडविले. लव्हलेस तेव्हा व्यापारी जहाजावर खलाशी होता. खलाशाने जहाजावर फुरसतीत केलेले हस्तकाम असा संबंध जोडावयाचाच असेल तर तो या एका चुलीपाशी जोडता येतो. पण या खलाशाने दात कोरला नाही, पाते घडविले. आणि त्याच्या सुऱ्या अलंकारासाठी नव्हे, साध्या व निर्दोष रेषेसाठी प्रसिद्ध झाल्या.

१९७० मध्ये अशा कारागिरांनी आपला संघ स्थापन केला. १९७३ मध्ये त्या संघाच्या प्रदर्शनात मेरीलँडचा विल्यम मोरान (१९२५–२००६) याने लहरीदार पात्यांच्या सुऱ्या मांडल्या आणि त्यांना दमास्कस म्हटले. हे नावही परीक्षणास पात्र आहे. मोरानचे पोलाद निरनिराळ्या जातींच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून, तापवून, ठोकून, पुन्हा घडी घालून केलेले होते. ही रीत युरोपातही प्राचीन काळापासून परिचित होती. ज्या पूर्वेकडील तलवारींमुळे दमास्कसचे नाव गाजले, त्यांचे द्रव्य मात्र वेगळे. ते मुशीत वितळविलेले दक्षिण हिंदुस्थानचे व दख्खनचे पोलाद होते, ज्यास इंग्रजांनी वुट्झ म्हटले. त्याची लहर घडीतून नव्हे, तर पोलादातील कार्बाइडाच्या कणांच्या रांगांतून उमटते. १७९४ मध्ये मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले, आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवरील निबंध सादर केला. पुढे मायकेल फॅरडे यांनी स्टोडार्ट या हत्यारे करणाऱ्या कारागिराबरोबर त्याचे प्रयोग केले. वुट्झची लहर पुन्हा साधण्याचे श्रेय बऱ्याच अंशी धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहूव्हन आणि फ्लॉरिडाचा लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांच्याकडे जाते. खनिजातील व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांचा अत्यल्प अंश या लहरीस कारण होतो, हे त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. दख्खनच्या भट्ट्यांवर राबलेल्यांची नावे मात्र कोठेच नोंदलेली नाहीत, आणि त्यांच्या मालाचे नाव ज्या शहराच्या बाजारात तो पोहोचला त्या शहराला मिळाले. बाजाराने नाव ठेवावे आणि उत्पादक विसरला जावा, असाच हा प्रकार.

मोरानच्या पुढाकाराने १९७६ मध्ये स्थापन झालेल्या लोहारांच्या संस्थेने परीक्षेचा जो नियम ठेवला तो या लेखाच्या विषयावर चांगला प्रकाश टाकतो. उमेदवाराने स्वतः घडविलेल्या पात्याने टांगता दोर एका फटक्यात तोडावयाचा, लाकडाची तुळई दोनदा छाटावयाची, त्यानंतरही त्याच पात्याने अंगावरील केस काढून दाखवावयाचे, आणि शेवटी ते पाते शेगड्यात धरून काटकोनात वाकवावयाचे. ते तुटता कामा नये. परीक्षेत हे पाते नष्ट होते. मग परीक्षकांपुढे उत्तम सजावटीच्या पाच सुऱ्या मांडल्या जातात, आणि त्यांनी काहीही कापले जात नाही. एकाच व्यवसायातील उपयोग आणि शोभा यांची फारकत इतक्या स्पष्टपणे क्वचितच नियमबद्ध झाली असेल.

याच काळात, म्हणजे १९७० नंतरच्या दशकात, सुरीच्या मुठीवर स्क्रिमशॉ करण्याचा प्रघात फोफावला. सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने हजारो ठिपके देऊन छायाप्रकाश साधण्याची पद्धत रूढ झाली. इटलीतील ब्रेशिया प्रांतात बंदुकांवर कोरीवकाम करणारे कारागीर धातूवर अशाच ठिपक्यांनी चित्र उठवितात. त्यामुळे मूठ आणि धातूची पट्टी यांवरील चित्रे परस्परांशी मिळतीजुळती करणे सोपे गेले. खलाशाच्या रेघोट्यांपेक्षा हे काम तांत्रिक दृष्ट्या कितीतरी वरचढ आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आता एका सुरीवर लोहार, धातू कोरणारा आणि मूठ कोरणारा अशा दोन-तीन जणांच्या स्वाक्षऱ्या असतात, आणि किंमत त्या नावांवर ठरते. मिरिकने नाव घातले ते आपले जहाज आणि आपला दिवस स्मरणात राहावा म्हणून. त्याच्या सह्यांना त्याच्या हयातीत बाजार नव्हता.

योगायोग असा की दोन परंपरांची ही गाठ पडत होती नेमकी त्याच वेळी मुठीचे द्रव्य कायद्याने अडविले गेले. २१ ऑक्टोबर १९७२ रोजी सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा अमेरिकन कायदा झाला. त्याच वर्षी भारतातही वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७३ च्या अखेरीस अमेरिकेत संकटग्रस्त प्राण्यांविषयीचा कायदा झाला आणि देवमाशाच्या नव्या दातांचा व्यापार बंद पडला. १९७६ मध्ये दुरुस्ती होऊन कायद्यापूर्वीच्या साठ्यातील मालास प्रमाणपत्र घेऊन विक्रीची मर्यादित सवलत मिळाली. कारागीर हत्तीच्या दाताकडे वळले, तर जानेवारी १९९० पासून आफ्रिकी हत्तीच्या दाताचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबला. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेने देशांतर्गत व्यापारही जवळजवळ बंद केला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि ज्यांत हस्तिदंत २०० ग्रॅमहून कमी आहे अशा काही विवक्षित जुन्या वस्तू यांना तेवढा अपवाद ठेवला. सुरीची मूठ बहुधा या वजनात बसते. म्हणूनच मूठ केव्हा बसविली आणि तिचा दात देशात केव्हा आला, हे सिद्ध करणारा कागद सुरीइतकाच महत्त्वाचा झाला.

कागद खोटा करता येतो. द्रव्याची साक्ष त्याहून बरी. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या सूक्ष्म रेषा दिसतात. दाताच्या बाहेरील कडेजवळ त्यांच्यातील कोन आजच्या हत्तीत सरासरीने ११५ अंशांहून मोठा, तर सैबेरिया व अलास्काच्या गोठलेल्या भूमीत सापडणाऱ्या मॅमथच्या दातात ९० अंशांहून लहान असतो. वालरसच्या सुळ्याचा गाभा दाणेदार असतो. देवमाशाच्या दातात या छेदत्या रेषा नसतात, दोन थरांची सीमा मात्र स्पष्ट दिसते. राळेसारख्या कृत्रिम द्रव्यात ओतलेल्या नकला तापलेल्या सुईच्या टोकाने वितळतात. अशा नकला इतक्या पसरल्या की संग्रहालयांना त्यांच्या याद्या छापाव्या लागल्या. तथापि ही परीक्षा दात कोणत्या प्राण्याचा हे सांगते. तो कधी मारला गेला हे सांगत नाही. शिवाय जुन्या, कोऱ्या दातावर नवे चित्र कोरून त्यास जुने म्हणून विकल्यास द्रव्याची परीक्षा निरुपयोगी ठरते, आणि अभ्यासकाला पुन्हा शिडे, दोरखंड व मासिकांतील मूळ चित्रे यांच्याकडेच वळावे लागते. मिरिकच्या दिनांकित दातांचा उपयोग येथे होतो. १८२८ च्या म्हणून दाखविलेल्या जहाजावर त्या काळी नसलेली शिडांची मांडणी आढळली तर तो दात बोलका ठरतो.

मॅमथ हा नामशेष प्राणी असल्याने त्याचा दात निर्वेध समजला जाई आणि सुरीकारांनी तो पुष्कळ वापरला. परंतु न्यू यॉर्क व न्यू जर्सी यांनी २०१४ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१६ पासून लागू केलेल्या कायद्यात मॅमथचा दातही बंदीत घातला, कारण तयार वस्तूत तो हत्तीच्या दातापासून ओळखणे कठीण असते. त्या राज्यांत विकावयाच्या सुऱ्यांवर तेव्हापासून गुराचे हाड आणि राळेत मुरविलेल्या कागदाचे मायकार्टा नावाचे द्रव्य बसविले जाऊ लागले. त्यावरही जहाजे आणि देवमासे कोरले जातात.